मागून येणाऱ्यासाठी

साताऱ्याहून पुण्याला येत होते. खंबाटकीचा बोगदा ओलांडला आणि शिरवळच्या अलीकडे एका हॉटेलवर चहाला थांबले. पाठोपाठ एक ट्रक येऊन उभा राहिला. ड्रायव्हर उतरला, तोंडावर पाणी मारलं आणि सरळ माझ्या टेबलाशी आला. चिडलेला वाटला नाही. घाबरलेला होता.

"ताई, राग मानू नका. बोगद्यात तुमची गाडी मला पार जवळ आल्यावर दिसली. ब्रेक मारलात तेव्हा दिवा लागला की नाही, तेच कळलं नाही. लेकरं आहेत ना गाडीत?"

होती. मागच्या सीटवर माझी मुलगी आणि भाची झोपल्या होत्या.

चहा तसाच ठेवून मी बाहेर आले. मुलीला उठवलं, पुढे बसून ब्रेकवर पाय ठेवायला सांगितलं आणि वीसेक पावलं मागे जाऊन उभी राहिले. गाडी बाबांची, १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. बाबांनंतर पंधरा वर्षं मी चालवते आहे. टॅपेट जरा वाजलं तरी मला ऐकू येतं, क्लचची तार सैल झाली तर पायाला कळतं. पण ही गाडी अंधारात मागून कशी दिसते, ते मी त्या रात्री पहिल्यांदा पाहिलं. डावीकडे विझत आलेल्या निखाऱ्यासारखा एक तांबूस ठिपका. उजवीकडचा त्याहून फिका. मुलीने ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. उजेडात फरक पडत होता, पण तो निरखून पाहावा लागत होता.

हेडलाइट मंद झाला की चालवणाऱ्याला लगेच समजतं, रस्ता त्यालाच दिसेनासा होतो. मागचा दिवा वर्षानुवर्षं मंद होत गेला तरी त्याच्या लक्षात येत नाही, कारण तो त्याच्यासाठी लावलेलाच नसतो. पुढची क्रोमची जाळी मी दर रविवारी पुसत आले आणि मागे कधी उभी राहिले नाही, याची लाज त्या रात्री पुण्यापर्यंत सोबत होती. उरलेला रस्ता मी डाव्या कडेने, हळूहळू कापला.

पद्मिनी मुळात इटलीची. तुरीनच्या फियाट ११००चं हे भारतीय रूप. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी बाहेर पडू लागली. १९६४ पासून ती फियाट ११०० डिलाइट होती, मग काही काळ प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. मागच्या दोन्ही बाजूंना पत्रा पंखासारखा वर उचललेला आणि त्या पंखांच्या टोकाला उभे, चिंचोळे दिवे. दिवसा ही गाडी मागून देखणी दिसते. ज्या काळात ती घडली, त्या काळात हायवेवरची बाकीची वाहनंही अशाच दिव्यांची होती. आज तिच्या पुढेमागे धावणाऱ्या गाड्यांचे दिवे हाताच्या पंजाएवढ्या जागेतून डोळे दिपवतात, आणि अशा दोन लखलखीत लाल पट्ट्यांच्या मधला मंद ठिपका डोळा टिपतच नाही.

पण म्हणून मूळ दिवा दुबळा होता असं नाही. हे मला नाना पेठेतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने शिकवलं. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, सगळा बाजार त्यांना काका म्हणतो. मी त्यांच्याकडे गेले ती एलईडी बल्बची जोडी आधीच विकत घेऊन. त्यांनी पुडकं हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि फळीवर ठेवून दिलं.

"हे नंतर बघू, ताई. आधी तुमचा करंट कुठे सांडतोय ते बघू."

गाडी चालू करून, अॅक्सिलरेटर थोडा दाबून धरून त्यांनी मीटर बॅटरीला लावला. १३.८ व्होल्ट. मग मागे येऊन, ब्रेक दाबलेला असताना बल्बच्या होल्डरपाशी लावला. ११.२. बॅटरीपासून दिव्यापर्यंतच्या तीन-साडेतीन मीटरच्या वाटेत अडीच व्होल्ट गळून गेले होते. ऐकायला हे फार वाटत नाही. पण फिलामेंटच्या बल्बचं गणित वेगळं असतं. व्होल्टेज घटतं त्या प्रमाणात त्याचा उजेड घटत नाही, त्याच्या कितीतरी पट वेगाने घटतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी कमी झालं की उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी जातो. असे बल्ब १३.५ व्होल्टवर मोजले जातात. तिथून ११.२ वर आलं की उजेड निम्म्यावर येतो. शिवाय तार कमी तापते म्हणून तिचा रंगही पिवळट तांबडा होत जातो. मला दिसलेला निखारा तो हाच.

मग काकांनी जे केलं ते मी विसरणार नाही. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून एक लांब वायर ओढत मागे आणली, तिचं सोललेलं टोक चिमटीत धरलं आणि होल्डरच्या पत्र्याला नुसतं टेकवलं. दिवा भडकन उजळला. टोक उचललं, निखारा झाला. टेकवलं, पुन्हा उजळला. बल्ब तोच, काच तीच.

"अर्थिंग," ते म्हणाले. "सतराशे साठ रोगांचं मूळ."

जुन्या गाडीत दिव्याला एकच वायर जाते. परतीचा करंट गाडीच्या पत्र्यातूनच बॅटरीकडे यायचा असतो. होल्डर पत्र्यावर घट्ट बसलेला असेल आणि मध्ये गंज, रंग, धूळ काही नसेल, तर हे छान चालतं. आमच्या गाडीला काही वर्षांपूर्वी रंग दिला होता. ज्याने दिला त्याने दिवे काढून, होल्डर टेकतो ती जागाही गुळगुळीत रंगवून टाकली होती आणि दिवे परत बसवले होते. करंटला परत यायला एका स्क्रूच्या गंजलेल्या आट्यांएवढीच वाट उरली होती. अशा सांध्यात फक्त एक ओहमचा अडथळा आला तरी २१ वॉटच्या ब्रेक लाइटचे सुमारे दीड व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि एक तृतीयांश उजेड जातो. आमच्याकडे दोन्ही बाजूंना तो होता, आणि पुढे ब्रेकच्या स्विचपाशी अजून थोडा.

खराब अर्थिंगची एक खूण त्यांनी मला दाखवून ठेवली, ती प्रत्येक जुन्या गाडीवाल्याने करून पाहावी. रात्री टेल लाइट लावायचा आणि त्याच बाजूचा इंडिकेटर द्यायचा. इंडिकेटर पेटला की टेल लाइट दबतो आणि विझला की उसळतो, असं होत असेल तर परतीची वाट अडली आहे. करंटला सरळ रस्ता मिळत नाही, मग तो शेजारच्या फिलामेंटमधून उलटा शिरून घरी जायला बघतो. उजवीकडचा आमचा दिवा असाच उचक्या देत होता.

मग दिवे खाली आले. लाल काच म्हणतो ती खरं तर प्लॅस्टिकची. तिचे दोन स्क्रू निघता निघेनात, डिझेलचा थेंब टाकून अर्धा तास थांबावं लागलं. काचेमागचं रबर कडक होऊन बिस्किटासारखं मोडलं. आत पावसाच्या पाण्याची पिवळी रेघ होती, एका कोपऱ्यात कोळ्याचं जुनं जाळं, आणि होल्डरच्या पितळी टोकांवर हिरवट पांढरा थर. काकांनी बोटाएवढी पॉलिश पेपरची गुंडाळी करून ती होल्डरमध्ये फिरवली, तशी पितळाची पिवळी चकाकी दिसू लागली. तळातली स्प्रिंग बसली होती, ती ओढून ताणली. पत्र्यावर होल्डर टेकतो तिथला रंग रुपयाएवढ्या गोलात खरवडून धातू उघडा केला. आणि इतकं करूनही पत्र्यावर भरवसा न ठेवता होल्डरला एक स्वतंत्र काळी वायर झाळली, तिच्या टोकाला थिंबल दाबलं आणि डिकीतल्या एका भक्कम बोल्टखाली ते आवळून वरून व्हॅसलीन फासलं. व्हॅसलीन हवा आणि ओल लागू देत नाही.

या सगळ्या कामाला माझा एक दिवस आणि काकांची मजुरी लागली. सामान म्हणावं तर वायर, चार थिंबलं आणि रबराचा तुकडा.

बल्बच्या मागचा पत्रा काळवंडला होता. त्याला चंदेरी रंग द्यावा असं मला वाटत होतं, कारण चकचकीत वस्तू जास्त उजेड परतवते अशी आपली समजूत. काकांनी शुद्ध पांढरा, तुकतुकीत रंग दिला. डब्यातला चंदेरी रंग दिसतो चमकदार, पण प्रत्यक्षात करडा असतो आणि बराच उजेड गिळतो, असं त्यांचं म्हणणं. पांढरा रंग उजेड सगळीकडे सारखा पसरवतो, म्हणून काचेची अख्खी उंची उजळते, एकच ठिपका तळपत राहत नाही. मूळची आरशासारखी कल्हई शाबूत असेल तर मात्र तिला हात लावू नये, हेही त्यांनी बजावलं. काच मी घरी आणून भांडी घासायच्या साबणाने आतून-बाहेरून धुतली. पाणी तांबूस नाही, चक्क काळं निघालं. पंचेचाळीस वर्षांचा धूर आणि धूळ.

नव्या रबरासकट दिवे परत बसले. मीटर होल्डरपाशी १३.२ दाखवू लागला. बल्ब बदललाच नव्हता.

आता बल्बचं. या दिव्यांत एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, ५ वॉटचं टेलसाठी आणि २१ वॉटचं ब्रेकसाठी. दुकानात 'एकवीस-पाच' म्हटलं की मिळतो. त्याच्या मानेवर दोन बाजूंना दोन बारीक खुंट्या असतात, एक वर आणि एक खाली. त्यामुळे तो एकाच बाजूने बसतो. होल्डर झिजलेला असला तर दाबून उलटाही बसतो, आणि मग टेल लाइट झगझगीत आणि ब्रेक दाबल्यावर जेमतेम, असा उलटा कारभार सुरू होतो. बल्ब घालून झाल्यावर मागे जाऊन पाहायला हवं ते यासाठी.

एकवीस-पाचच्या दोन फिलामेंटांतला फरक वॉटवरून वाटतो त्याहून मोठा आहे. २१ वॉटचं फिलामेंट सुमारे ४४० ल्यूमेन उजेड देतं, ५ वॉटचं जेमतेम ३५. म्हणजे बारा पटींहून जास्त. युरोपातल्या नियमांतही हीच दृष्टी आहे. टेल लाइटची तीव्रता किमान ४ कँडेला हवी, ब्रेक लाइटची किमान ६०. टेल लाइटमुळे मागच्याला गाडी दिसते. ती थांबते आहे, हे त्याला या दोहोंतल्या फरकामुळे कळतं. बोगद्यातल्या त्या ट्रकवाल्याला गाडी उशिरा का होईना दिसली होती. कळलं नव्हतं ते ब्रेकचं.

म्हणून फळीवरच्या त्या एलईडी जोडीची पाळी आली तेव्हा मी फार आशेने मागे जाऊन उभी राहिले. काकांनी टेल लाइट लावला. लखलखाट! मग ब्रेक दाबला. लखलखाट, पण जवळजवळ तेवढाच. दुकानदाराने मला 'दुप्पट उजेड' म्हणून दिलेला बल्ब टेललाच एवढा उजळत होता की ब्रेकला वर चढायला जागाच उरली नव्हती. म्हणजे गाडी लांबून दिसली असती आणि थांबताना मात्र आधीइतकीच मुकी राहिली असती. मागचा उजेड वाढवायला निघालेल्या माणसाने ही चूक सहज करावी अशी आहे, आणि ती उजेडाच्या भरात लपूनही जाते.

दुसरी गोष्ट रंगाची. माझ्या जोडीतले एलईडी पांढरे होते. फिलामेंटच्या उजेडात लाल भाग भरपूर असतो, लाल काच तो पुढे सोडते आणि बाकीचा अडवते. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात निळ्याचा जोर, लाल कमी. लाल काचेमागे त्याचा बराच उजेड फुकट जातो, आणि जो बाहेर येतो तो गुलाबीकडे झुकतो. लाल काचेमागे लाल एलईडी, नारिंगी काचेमागे नारिंगी. शिवाय जुना दिवा फिलामेंट कुठे आहे हे धरून घडवलेला असतो. एलईडी बल्बचे सगळे डोळे समोरच बघत असतील तर मागचा पत्रा अंधारात राहतो आणि आपण दिलेला पांढरा रंग वाया जातो. बाजूलाही डोळे असलेला बल्ब लागतो. इंडिकेटरला एलईडी लावले तर जुना फ्लॅशर गोंधळतो, कारण तो बल्बच्या करंटवर तापून टकटक करत असतो आणि एलईडी तेवढा करंट ओढतच नाही. मग एकतर तो नीट लुकलुकत नाही किंवा लावला तसा लागूनच राहतो. तिथे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घालावा लागतो.

जास्त वॉटचा बल्ब घालावा का, असं मी विचारलं तेव्हा काकांनी मला एक होल्डर काढून दाखवला. बाजूचं प्लॅस्टिक मेणासारखं ओघळलेलं. वॉट वाढले की करंट वाढतो, जुन्या वायरीत आणखी व्होल्ट गळतात, उष्णता मात्र पुरेपूर मिळते. पद्मिनीच्या लाल काचा आता कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर नाहीतर चोर बाजारात शोधाव्या लागतात. त्या अशा वितळवून टाकायच्या नाहीत.

एलईडीचा एक गुण मात्र मान्य करायलाच हवा. फिलामेंटला तापून पूर्ण उजेडावर यायला सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. एलईडी तात्काळ लागतो. ताशी ८० किलोमीटरने येणारं वाहन एवढ्या वेळात जवळपास साडेचार मीटर पुढे येतं. पद्मिनीची लांबी त्याहून कमी आहे.

मग मी काय केलं, ते सांगते. त्यासाठी आधी एक जुनी हकिगत.

१९७४ साली, म्हणजे पद्मिनीला पद्मिनी हे नाव मिळालं त्याच साली, अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात जॉन व्होएवोड्स्की नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ३४३ टॅक्सींना मागच्या काचेच्या तळाशी एक तिसरा ब्रेक लाइट लावला. १६० टॅक्सी तुलनेसाठी तशाच ठेवल्या. दहा महिन्यांनंतर पाहिलं, तर तिसरा दिवा असलेल्या टॅक्सींना मागून बसणाऱ्या धडका ६०.६ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. पुढे १९८६च्या मॉडेलपासून अमेरिकेत प्रत्येक नव्या मोटारीला हा दिवा सक्तीचा झाला. सगळीकडेच तो दिसू लागल्यावर त्याचं नावीन्य ओसरलं आणि दीर्घकाळचा फायदा सुमारे चार टक्क्यांवर स्थिरावला. पण चार टक्के म्हणजेही किती माणसं! आणि ज्या रस्त्यावर आपली गाडी मागून वेगळी, जुनी, अनोळखी दिसते, तिथे पहिल्या आकड्याकडे मला दुर्लक्ष करवत नाही.

हे वाचलं तेव्हा मला मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी आठवल्या. त्यांची शेवटची नोंद २००३ सालची, आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या. भायखळ्याला एका निवृत्त टॅक्सीचालकांना भेटले. चौतीस वर्षं पद्मिनी चालवलेले गृहस्थ. मागच्या दिव्याचं विचारल्यावर त्यांनी खिशाकडे हात नेला, जणू अजून तिथे काही असावं. पावसाळ्यात खिशात दोन बल्ब आणि पॉलिश पेपरचा तुकडा कायम असायचा, म्हणाले. हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली की आधी मागे जाऊन दिवे उघडायचे, पाणी ओतायचं, बल्बचं बूड घासायचं. "समोरचं मी बघतो हो. मागचं मागच्याला दिसायला नको का?"

तर मी मूळ दिव्यांत फिलामेंटचेच बल्ब ठेवले. नवे, चांगल्या प्रतीचे एकवीस-पाच. त्यांचा उजेड उगवतो तसा उगवू दे, या गाडीला तो शोभतो. आणि मागच्या काचेच्या तळाशी, सीटमागच्या फळीवर, लाल एलईडीची वीतभर पट्टी बसवली. ब्रेक दाबल्याबरोबर ती क्षणात लागते, टेलसाठी लागत नाही, त्यामुळे तिचा दुसरा अर्थ होऊच शकत नाही. पत्र्याला एकही भोक पाडलेलं नाही. आमच्या गाडीत अजून डायनॅमोच आहे. सिग्नलला इंजिन मंद फिरत असताना तो चार्ज करत नाही आणि सगळे दिवे बॅटरीवर येऊन मलूल होतात. तेव्हा ही पट्टी जराशा करंटवर तशीच लख्ख राहते. ब्रेकच्या दिव्यांना काकांनी एक रिलेही दिला, म्हणजे जुन्या स्विचला फक्त इशारा द्यावा लागतो आणि दिव्यांचा करंट बॅटरीकडून थेट, जाड वायरीने येतो. मीटर आता होल्डरपाशी १३.५ दाखवतो.

मूळ वस्तूत काही मिसळू नये असं मानणाऱ्या मित्रांना ही पट्टी खटकली. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षं ओलांडलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नसावा ही त्यातली अट. आमची गाडी २०२८ मध्ये पन्नाशीची होईल. प्रदर्शनाच्या दिवशी दोन क्लिपा काढल्या की पट्टी निघते. रस्त्यावर मात्र ती जागेवरच राहील. जी गाडी जपायची ती मागून ठोकली जाऊ नये, एवढं तरी तिच्यासाठी केलंच पाहिजे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे असं म्हटलं आहे. वीस पावलांवरून पाहून समाधान होणार नव्हतं. दसऱ्याच्या आदल्या रात्री आम्ही दोघी गाडी घेऊन गावाबाहेरच्या एका सरळ, मोकळ्या रस्त्याच्या कडेला गेलो. मुलगी स्टिअरिंगवर, मी टॉर्च आणि मोजपट्टी घेऊन. तीस मीटरची पट्टी पाच वेळा टाकली, वर पाच मीटर. दगड ठेवला, टॉर्च विझवला आणि वळले.

दोन उभे लाल दिवे, सारखे. फोनवर तिला म्हटलं, दाब. मधली पट्टी आधी लागली आणि तिच्या मागोमाग दोन्ही बाजूंचे दिवे फुलत वर आले. रस्त्याकडेचं गवत तांबडं झालं.

"दिसतं का गं आई?" तिने विचारलं.

"सोड," मी म्हटलं. "आता पुन्हा दाब."